सायकलीचं कार्ड आणि राईडची वही

एका एप्रिलमधली गोष्ट. रविवारची राईड आटोपून आम्ही सात-आठ जण नाशिकजवळ गिरणाऱ्याला टपरीवर चहा घेत होतो. आमच्यात बँकेत नोकरी करणारी एक मुलगी आहे. सायकल घेऊन तेव्हा तिला जेमतेम पाच महिने झाले होते. तिने विचारलं, "काका, वणीचा गड कसा आहे हो सायकलने?" चौघांनी एकदमच तोंड उघडलं. "भारी आहे." "एकदा करच." "जमेल गं तुला, त्यात काय!" "वरून बघ नुसतं, डोळ्यांचं पारणं फिटतं." मीही त्यातलाच. "सकाळी लवकर निघ," एवढंच म्हणालो आणि कप ठेवून उठलो.

पुढच्या रविवारी ती एकटीच गेली. दिंडोरी, वणी करत नांदुरीला पोहोचेपर्यंत साडेनऊ वाजले. दोन बाटल्यांपैकी दीड बाटली संपलेली. नांदुरीपासून सप्तशृंगी गडापर्यंत साधारण दहा किलोमीटरचा घाट आहे. तिसऱ्या किलोमीटरला ती उतरली, पुढे सायकल ढकलत निघाली आणि एका वळणावर चक्कर येऊन कठड्याला टेकून बसली. एका जीपवाल्या दादांनी सायकल टपावर टाकून तिला खाली आणून सोडलं. तिने त्या दादांचे आभार मानले आणि आम्हाला काही बोलली नाही. पण दोन रविवार ती आलीच नाही.

आम्हा सगळ्यांचं मिळून तो घाट पन्नासेक वेळा तरी चढून झाला असेल. कुठला गियर लागतो, पाणी किती लागतं, ऊन कधी लागायला लागतं, तिला हवं होतं ते सगळं आमच्याकडे होतं. त्यातलं एकही आम्ही दिलं नाही. ही गोष्ट मला फार लागली. तेव्हापासून मी दोन कामं मनावर घेतली: सायकलीचं कार्ड करायचं आणि राईडची वही ठेवायची. ती कशी करायची, हे इथे सविस्तर लिहितोय. नाशिकमध्ये दर रविवारी इतकी माणसं सायकलवर निघतात, आणि सोमवारी त्यातलं "मजा आली" एवढंच शिल्लक राहतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कार्डाची कल्पना माझी नाही, कारखान्यातली आहे. मी सातपूर एमआयडीसीत टूलरूममध्ये फिटर आहे, सत्तावीस वर्षं झाली. आमच्याकडे प्रत्येक मशीनला हिस्ट्री कार्ड असतं. बेअरिंग कधी बदललं, बेल्ट कितव्यांदा तुटला, स्पिंडलचा रनआऊट किती आहे, सगळं त्यावर असतं. नवा माणूस शिफ्टला आला की मशीनला हात लावायच्या आधी कार्ड वाचतो. लेथला जे मिळतं ते सायकलीला का मिळू नये?

जाड कागदाचं पोस्टकार्डाएवढं कार्ड घ्या. वर फ्रेमचा साईज आणि सायकल घेतल्याचा महिना-वर्ष लिहा. रंग आणि किंमत लिहिली नाही तरी चालेल. मग बाकीच्या गोष्टी मोजून लिहा, आठवून नाही. मोजायला शिंप्याची टेप आणि एक स्टीलची पट्टी पुरते.

सगळ्यात आधी दाते मोजा. पुढच्या चेनव्हीलचे आणि मागच्या कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचे. बहुतेकांना आपल्या सायकलला "एकवीस गियर" आहेत एवढंच माहीत असतं, पण घाटात एकवीसचा काही उपयोग नाही, सगळ्यात हलका गियर कुठला एवढंच कामाचं. माझ्या हायब्रिड सायकलला पुढे सगळ्यात लहान चेनव्हील २८ दात्यांचं आहे आणि मागे सगळ्यात मोठं ३२ चं. २८ भागिले ३२ म्हणजे ०.८७५. माझं चाक एका फेरीत २१५५ मिलिमीटर जातं. म्हणजे पॅडल एकदा पूर्ण फिरलं की सायकल १.८९ मीटर पुढे सरकते. आता त्या मुलीची सायकल बघा. रोड बाईक, पुढे ३९, मागे सगळ्यात मोठं २५. तिचं एका पॅडलला ३.२८ मीटर. मी जेमतेम दोन पावलं चढतो तिथे ती सव्वातीन पावलं चढत होती, तेही रणरणत्या उन्हात. आम्ही तिला "जमेल गं" म्हणालो तेव्हा तिच्या सायकलचे दाते मोजले असते तर कोणीही तसं म्हणाला नसता.

चाकाची फेरी कशी मोजायची तेही सांगतो, कारण सायकल कॉम्प्युटरमध्ये हाच आकडा टाकावा लागतो. टायरमध्ये नेहमीची हवा भरा. टायरवर आणि फरशीवर खडूची एक रेघ ओढा. सायकलवर बसा, कोणालातरी बाजूने धरायला सांगा आणि सरळ रेषेत चाकाची एक पूर्ण फेरी करा. पुन्हा खूण करा, टेपने मोजा. ७०० बाय ३२ च्या टायरला २१५५ च्या आसपास येतं, ७०० बाय २३ ला २०९६. माझ्या एका मित्राच्या कॉम्प्युटरमध्ये दुकानातून आला तसा २०९६ च राहिला होता आणि टायर होते ३२ चे. तो शंभर किलोमीटर जायचा आणि मीटर सत्त्याण्णव दाखवायचा. दोन वर्षं तो सगळ्यांना अंतरं कमीच सांगत होता.

मग चेन. पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत बारा इंच मोजायचं, म्हणजे चेनचे २४ टप्पे. नवी चेन बरोबर ३०४.८ मिलिमीटर भरते. वापराने पिना झिजतात आणि चेन लांब होते. ३०६.४ च्या पुढे गेली की बदलायची. अजून ओढली आणि ३०८ झाली, तर ती कॅसेटचे दातेही खाऊन बसते आणि एकाच्या जागी दोन वस्तूंचा खर्च येतो. कार्डावर तारीख आणि माप लिहीत गेलात, तर आपली चेन किती किलोमीटर टिकते ते तुमचं तुम्हालाच कळतं. दुसऱ्याचा आकडा इथे फारसा लागू होत नाही. मी पावसाळ्यात त्र्यंबक रोडने जातो, त्या चिखलात चेन जितकी झिजते तितकी ती कोरड्यात वर्षभरातही झिजत नाही.

टायरचा साईज, पुढची-मागची हवा आणि स्वतःचं वजन शेजारी-शेजारी लिहा. "मी सत्तर पीएसआय भरतो" या वाक्याला वजनाशिवाय अर्थ नाही. मी ६८ किलोचा, ३२ चे टायर, पुढे ६० आणि मागे ७०. पंच्याण्णव किलोच्या माणसाने माझं ऐकून ६० भरली, तर पहिल्याच खड्ड्यात ट्यूब रिमला चिमटून दोन शेजारी-शेजारी छिद्रं पडतील. सापाने चावल्यासारखी दिसतात ती.

शेवटी सीटची उंची. बीबीच्या, म्हणजे पॅडलचे क्रँक ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या, मध्यापासून सीटच्या वरच्या कडेपर्यंत, सीट ट्यूबच्या रेषेत. पायाची आतली लांबी, म्हणजे अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचं माप, तिला ०.८८३ ने गुणलं की सुरुवातीचा आकडा मिळतो. माझा पाय ८० सेंटिमीटर, म्हणजे ७०.६ आला. प्रत्यक्षात मी ७० वर बसतो.

माझ्या घरी वडिलांची ॲटलसही आहे, तिचंही कार्ड केलंय. साहिबाबादचा ॲटलसचा कारखाना २०२० मध्ये ३ जूनला बंद झाला, नेमका जागतिक सायकल दिनाला. त्या दिवशी मी ती सायकल बाहेर काढून कटोऱ्या उघडल्या, छर्रे रॉकेलने धुतले आणि नवीन ग्रीस भरलं. तिच्या कार्डावर वडिलांच्या हातचं एकही अक्षर नाही, याची चुटपुट मला कायम राहील. पुढचं चाक कधी बदललं, ते कोणालाच ठाऊक नाही.

आता वही.

वहीचा एकच कडक नियम आहे: त्याच दिवशी, अंघोळीच्या आधी लिहायची. अंघोळ झाली, जेवण झालं, एक डुलकी काढली की रस्ता गोड व्हायला लागतो. चढ लहान होतो, वारा विसरायला होतो. मी चप्पल काढून ओट्यावर बसतो आणि दहा मिनिटं लिहितो. मोबाईलमधलं ॲप अंतर, वेळ आणि नकाशा ठेवतं, त्यामुळे ते पुन्हा लिहायची गरज नाही. ॲपला जे कळत नाही ते लिहायचं.

माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो. त्यात ३८/२१ म्हणजे पुढे ३८ दाते, मागे २१.

"१४ जुलै २०२४, रविवार. सातपूर कॉलनी ते त्र्यंबक. निघालो ५.४०, पोहोचलो ७.०५. परत ५८ मिनिटांत. जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर, महिरावणीच्या पुढे सपाटीवरसुद्धा ३८/२१ वर, एरवी तिथे ४८/१८ असतो. पाऊस अंजनेरीपासून, बारीक, थांबून-थांबून. अंजनेरीच्या अलीकडे डाव्या कडेला खडी सांडलीय, दोन ट्रकभर तरी. पाणी अर्धी बाटली. ब्रेक शू मागचे संपत आलेत."

यात "मजा आली" नाही, आणि मला त्या दिवशी फार मजा आली होती. ब्रह्मगिरीवर ढग उतरले होते, तीन ठिकाणी धबधबे दिसत होते. ते मी टपरीवर तोंडाने सांगितलंच. पण पुढच्या जुलैमध्ये त्र्यंबकला जायचं असेल त्याला या सहा ओळींतून जास्त मिळेल. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे आणि त्र्यंबक सातशेच्या वर, म्हणजे चढ फार नाही. तरी जाताना ८५ मिनिटं आणि येताना ५८. हा फरक थोडा चढाचा आणि बराचसा वाऱ्याचा. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे आधी त्रास आणि मग आराम. नवशिक्याला हे आधी सांगितलं, तर जाताना धाप लागली म्हणून तो अर्ध्यातून मागे फिरत नाही. उलट पूर्वेला, निफाडच्या बाजूला गेलात तर जाताना पाठीवर वारा असतो. "काय पळतेय आज सायकल!" म्हणत माणूस लांब जातो आणि परतीला रडकुंडीला येतो. त्या बाजूला जाणाऱ्याला हे आवर्जून सांगावं.

वारा सांगायचा तो असाच, गियरवरून. "खूप वारा होता" म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्याचा स्वतःचा वारा येतो. "सपाटीवर ३८/२१ ला अडकलो होतो" म्हटलं की कळतं.

घाट सांगताना सरासरी वेग सांगू नका. बाराच्या वेगाने चढलो हे सांगून ऐकणाऱ्याला फक्त तुमच्या मांड्या कळतात, घाट कळत नाही. घाटाचं सांगायचं ते असं: सुरुवात कुठून होते, खरा चढ कितव्या किलोमीटरला लागतो, सावली कुठे आहे, कुठल्या वळणावर बस पूर्ण रस्ता घेते, उतरून टेकायला सपाट जागा कुठे, आणि शेवटचं पाणी कुठे. यात शेवटचं पाणी सगळ्यात महत्त्वाचं. वणीच्या गडाला जाणाऱ्याला मी आता सांगतो, नांदुरीतच दोन्ही बाटल्या काठोकाठ भर, एकीत मीठ-साखर-लिंबू घाल, आणि मार्च ते मे या दिवसांत आठच्या आत घाटाला लाग. शिवाय चैत्रातल्या उत्सवात आणि नवरात्रात सायकलने जाऊच नको. रस्ताभर पायी जाणारे भाविक असतात, लेकरं-बाळं असतात. उतारावर सायकल आवरणं अवघड होतं आणि त्यांच्या वाटेत आपण लुडबुड करणंही बरं नाही. त्र्यंबक रोडचंही तेच. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या चालत असतात, श्रावणातल्या सोमवारी तर विचारूच नका, त्यातही तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला तोबा गर्दी. त्या दिवशी दिंडोरी रोडला जावं.

लांबच्या राईडचं, म्हणजे बीआरएमचं, मला एक आवडतं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस अशी मुदत असते आणि हातात एक कार्ड देतात, ठरलेल्या ठिकाणी पोहोचल्याची वेळ त्यावर पडते. ते कार्ड पाहिलं की माणूस कुठे थकला ते सरळ दिसतं. पहिला टप्पा साडेतीन तासांत आणि शेवटचा तेवढाच टप्पा पाच तासांत असेल, तर सुरुवातीलाच जोर जास्त लावला. बीआरएम करायची नसली तरी वहीत दर पंचवीस किलोमीटरला वेळ टिपायची सवय लावा.

पंक्चरवर मात्र मी जरा जास्त बोलणार आहे. सायकलवाल्यांचं सगळ्यात जास्त बोलणं पंक्चरवर होतं आणि सगळ्यात कमी माहिती त्यातूनच मिळते. "पंक्चर झालं, अर्धा तास गेला." कशाने झालं? कुठल्या चाकाला? बाहेरून की आतून?

दोन वर्षांपूर्वी मला आठ दिवसांत तीन पंक्चर झाले. मुंबई-आग्रा हायवेने पांडवलेणीच्या बाजूला जाणं व्हायचं तेव्हा. दर वेळी मागचं चाक. दर वेळी ट्यूब काढायची, पाण्यात धरायची, पॉलिश पेपर घासायचा, सोल्यूशन लावून सुकू द्यायचं, पॅच दाबायचा. दोन-तीन दिवस ठीक, की पुन्हा हवा कमी. तिसऱ्यांदा मी शांतपणे बसलो. मी टायर बसवताना त्याच्या नावाची छापील पट्टी नेहमी व्हॉल्व्हसमोर ठेवतो. तुम्हीही ठेवा, त्याला खर्च नाही. ट्यूबमध्ये हवा भरून छिद्र शोधलं, व्हॉल्व्हपासून उजवीकडे ३१ सेंटिमीटर. आधीचे दोन पॅच बघितले, तेही त्याच जागेच्या अगल-बगल. म्हणजे दोष ट्यूबमध्ये नव्हता, टायरमध्ये काहीतरी बसलेलं होतं. टायरवर पट्टीपासून ३१ सेंटिमीटर मोजलं, आतून बोट फिरवलं. काही नाही. डोळ्यांना काही नाही. मग कापसाचा बोळा घेतला आणि हळूहळू दोन्ही दिशांनी फिरवला. एका जागी कापसाचा धागा अडकला. चिमट्याने धरून ओढलं तर केसासारखी बारीक पोलादी तार आली, लांबी जेमतेम चार मिलिमीटर. कंपनीत नेऊन मायक्रोमीटरला लावली, जाडी ०.२८ मिलिमीटर भरली. ट्रकचे रेडियल टायर फुटतात, त्यांच्या आतल्या तारा हायवेच्या कडेला पसरून राहतात, आणि आपण नेमके कडेनेच जातो. चाकावर भार आला की ती तार ट्यूबला टोचायची, भार उतरला की मागे सरकायची. म्हणून हवा हळूहळू जायची.

हे मी गटात असंच सांगितलं, मापांसकट, आणि तार चिकटपट्टीवर चिकटवून दाखवली. दुसऱ्या आठवड्यात दोघांनी आपापल्या टायरमधून तशीच तार काढली. एकाने तर टायरला कंटाळून नवीन टायरची ऑर्डर दिली होती, ती त्याने रद्द केली. हायवेची तार, गिरणारे-दुगावच्या आतल्या रस्त्यांवर बांधावरची बाभूळ छाटल्यावर पडलेले काटे, द्राक्षाच्या हंगामात दिंडोरीकडे मंडपाच्या तारांचे तुकडे: कुठल्या रस्त्यावर काय टोचतं हे आमच्या वह्यांतून आता साधारण कळलंय. काटा असेल तर छिद्र गोल आणि मोठं, तार असेल तर सुईच्या अग्राएवढं.

आता एकमेकांची सायकल चालवून बघण्याबद्दल. याइतकी चांगली शाळा नाही. दुसऱ्याच्या सायकलवर पाचशे मीटर गेलं की आपली सायकल खरी कळते. पण त्याआधी दोन गोष्टी तोंडाने सांगितल्याच पाहिजेत. पहिली, ब्रेक. आपल्याकडे सहसा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, पण काही सायकलींना उलट असतो. सवयीने डावा ब्रेक दाबून मागचा लागेल अशी समजूत असते, आणि लागतो पुढचा, तोही डिस्क असेल तर एका बोटाने. माणूस हँडलवरून पुढे जातो. म्हणून सायकल हातात देताना "पुढचा हा, मागचा हा" म्हणत दोन्ही दाबून दाखवायचे. दुसरी गोष्ट, क्लिपचे पॅडल असतील तर साध्या बुटाने घसरतं, म्हणून पॅडल बदलून द्या. बदलताना लक्षात ठेवा, डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं, उजवीकडे फिरवून निघतं. जोर लावून चुकीच्या दिशेने आवळलं, तर क्रँकचा आटाच जातो.

आणि सीट. माझी चूक सांगतो. तीन वर्षांपूर्वी मी माझी सायकल एका मित्राला सोमेश्वरपर्यंत चालवायला दिली. तो माझ्यापेक्षा चार इंच बुटका, त्याने सीट खाली केली, जे बरोबरच होतं. परत दिल्यावर मी अंदाजाने वर केली आणि ती दीड सेंटिमीटर कमी राहिली. माझ्या लक्षात आलं नाही. पुढचे तीन दिवस तशीच चालवली आणि उजवा गुडघा समोरून असा धरला, की जिन्याची पायरी चढताना हात टेकावा लागायचा. अकरा दिवस सायकल बंद. तेव्हापासून सीट पोस्टला मी काळी इन्सुलेशन टेप एक वळसा गुंडाळून ठेवलीय. सीट कितीही खाली करा, परत टेपेपर्यंत ओढली की झालं. तुम्ही आजच गुंडाळा. दहा रुपयांचं काम आहे.

सायकल परत आली की "कशी वाटली?" विचारू नका, "मस्त" एवढंच येईल. "हँडल लांब वाटलं का? तळहाताला झिणझिण्या आल्या का? वळताना पुढचं चाक जड वाटतं का?" असं विचारा. माझ्या हायब्रिडचं हँडल डावीकडे किंचित ओढतं, हे मला चार वर्षांत कळलं नव्हतं. ते एका कॉलेजच्या मुलाने दोन मिनिटांत सांगितलं. हेडसेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या, कटोरीत खळगा पडला होता.

पडझड झाली असेल तर तीही सांगायची, आणि क्रमाने सांगायची. मी ऑगस्टमध्ये सिन्नरहून येताना मोहदरी घाटात पडलो होतो. बरेच दिवस मी "पावसात घसरलो" एवढंच सांगायचो. खरं असं होतं: चार दिवसांपूर्वी एका दुकानात सर्व्हिसिंग केली होती, तिथे ब्रेक शू ठीक आहेत म्हणाले आणि मी स्वतः पाहिले नाहीत. उतारावर वेग पस्तीसच्या पुढे होता. ओल्या रिमवर ब्रेक दाबला की पहिल्या एक-दोन फेऱ्या नुसतं पाणी पुसलं जातं, पकड नंतर येते. हे मला माहीत होतं, तरी मी कोरड्या रस्त्यासारखा वळणाजवळ येऊन ब्रेक दाबला. शू मधली खाच पूर्ण गेलेली होती. मी वळण सोडून सरळ कडेच्या खडीत गेलो. कोपर सोललं, मनगट दोन आठवडे बांधावं लागलं. हे सगळं असं सांगितल्यावर त्याच सकाळी पाच जणांनी टपरीसमोर सायकली उलट्या करून शू तपासले. दोघांचे बदलायच्या हद्दीपलीकडे झिजले होते. पावसात ब्रेक लवकर आणि हलका-हलका दाबायला सुरुवात करायची, रिम पुसून घ्यायची, मग वळण.

फोटोंबद्दल थोडक्यात. सायकल भिंतीला टेकवून चेनच्या बाजूने एक पूर्ण फोटो, बाकी रस्त्याचे. खड्डा, फाटा, पाण्याची जागा. आपले स्वतःचे एक-दोन पुरेत.

२०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या टीमने रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली. सुमारे ४८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. त्यानंतर आपल्या शहरात सायकलींचं वारं आलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्याच लाईनमधल्या तिघांनी त्या वर्षी सायकली घेतल्या. पण तिघांच्याही सायकली दोन वर्षांत गॅलरीत गेल्या. ४८०० किलोमीटरची गोष्ट त्यांना पाठ होती. घरापासून अंजनेरीपर्यंत पहिल्यांदा जाताना सीट कुठे ठेवायची, हे कोणी सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारच्या मशीनवर होतो आणि मीही सांगितलं नव्हतं.

ती बँकेतली मुलगी तिसऱ्या रविवारी परत आली. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "काका, चूक माझीही होती, मी नीट विचारलंच नाही." मग आम्ही दोघांनी मिळून तिच्या सायकलचं कार्ड केलं. मागे ३२ ची कॅसेट आणि तिला पेलणारा लांब पिंजऱ्याचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) बसवून घेतला, म्हणजे सव्वातीन मीटरचं अडीचवर आलं. नोव्हेंबरमध्ये आम्ही तिघं पुन्हा गडाला गेलो, मी, ती आणि तिची एक मैत्रीण. दोनदा थांबून ती वरपर्यंत चढली.

तिने वहीत एक रकाना वाढवला, तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आम्हा पुरुषांच्या वह्यांत तो कधीच नव्हता. वाटेतल्या कुठल्या पेट्रोल पंपावर बायकांसाठी स्वच्छतागृह उघडं असतं, त्यात पाणी असतं का, आतून कडी लागते का. पहाटे कुठला टप्पा सामसूम असतो, कुठे दूधवाले आणि भाजीचे पिकअप चालू असतात, म्हणून एकटीने जायला बरं. आता गटात कोणी नवीन रस्ता सांगितला की आम्ही हे विचारतोच. पुरुषांनी सांगितलेल्या राईडमध्येही हा रकाना भरला पाहिजे. उतरून विचारायला दोन मिनिटं लागतात.

वहीतल्या प्रत्येक नोंदीला वर्षासकट तारीख हवी. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरातले आणि त्र्यंबककडचे रस्ते बदलतायत. गेल्या वर्षी जिथे चाक जपावं लागायचं तिथे आज सिमेंट असेल, आणि जिथे गुळगुळीत होतं तिथे खोदून ठेवलेलं असेल. म्हणून दर जूनमध्ये, पहिला पाऊस पडायच्या आत, मी वही घेऊन बसतो आणि जे आता खरं राहिलेलं नाही त्यावर लाल पेनने एक आडवी रेघ मारतो. खालचं अक्षर वाचता येईल अशी. खाडाखोड करत नाही, पान फाडत नाही. या जूनमध्ये एकोणीस रेघा मारल्या. त्यातली एक अंजनेरीच्या अलीकडच्या खडीवर होती. ती कधीच उचलली गेलीय.